एक रुपयाची भाकर, दहा रुपयांची थाळी: मंत्रालयाला एका मेसवाल्या काकूचं खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
मंत्रालय, मुंबई.

विषय: सरकारी खानावळी पुन्हा पुन्हा का बसतात, त्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

पुण्यात पेठेत मी सत्तावीस वर्षं विद्यार्थ्यांची मेस चालवली. १९९२ साली चार डब्यांवर सुरुवात केली आणि २०१९ साली गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून बंद केली. मधल्या काळात माझ्या हातचं जेवून मुलं तहसीलदार झाली, इंजिनियर झाली, दोघं-तिघं महिन्याचे पैसे बुडवून परदेशातही गेली. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे लिहिते आहे ते पेपर वाचून सुचलेलं नाही. पेपर वाचतेच, पण सत्तावीस वर्षं ओट्यापाशी उभं राहून जे कळलं त्याच्या उजेडात वाचते.

विषय तुमच्या दहा रुपयांत थाळी देणाऱ्या शिवभोजन केंद्रांचा आहे. अनुदान थकलं, केंद्रं बंद पडतायत, चालक निवेदनं देतायत, अशा बातम्या २०२५ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यातून येत राहिल्या. ‘योजनेला घरघर’ हा मथळा तर इतक्यांदा वाचला की मला वाटलं, वार्ताहरांनी तो जुन्या कात्रणांतून काढून ठेवला असावा. कारण हाच मथळा आपण आधीही एकदा वाचलेला आहे. म्हणून सुरुवात मला त्या आधीच्या टपरीपासून करावी लागेल.

१९९५ साली शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. निवडणुकीत वचन होतं, एक रुपयात झुणका-भाकर. आणि ती खरोखर मिळायला लागली. आजच्या पोरांना सांगितलं तर चेष्टा वाटते, पण तेव्हा एसटी स्टँडबाहेर, सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी, कोर्टाच्या कोपऱ्यावर ही केंद्रं उभी राहिली होती. राज्यभर एकच नाव, एकच पदार्थ, एकच भाव. उभ्या उभ्या खा आणि कामाला लागा. याला आता चेन म्हणतात. मालाडला जंबो किंगचं पहिलं दुकान २००१ साली निघालं, गोली वडापाव २००४ साली कल्याणहून सुरू झाला. या दोघांच्या आधी मराठी खाण्याची साखळी काढायची बुद्धी मंत्रालयाला झाली होती, याचं श्रेय कुणी तुम्हाला देत नाही. मी देते.

१९९६ च्या दिवाळीत मी माहेरी चालले होते. माहेर मंगळवेढ्याकडचं, मालदांडी ज्वारीच्या मुलखातलं. वाटेत एका तालुक्याच्या गावी गाडी बदलायची होती. गावाचं नाव लिहीत नाही, टपरीवाला अजून हयात असेल. मुलगा भुकेला झाला होता, म्हणून केंद्राच्या रांगेत उभी राहिले. पुढे दोन हमाल, एक शाळकरी पोरगं, एक कंडक्टर. खिडकीतून रुपया आत जायचा आणि कागदावर भाकरी, तिच्यावर पिवळा गोळा बाहेर यायचा. बाकीचे भाकरीकडे बघत होते. मी धंदेवाली, माझी नजर तिच्या मागे गेली. आत एक बाई, एक स्टोव्ह, एक तवा. शेजारी टोपलीत फडक्याखाली रचून ठेवलेल्या शंभरेक भाकरी. सकाळी थापलेल्या, आणि आता दुपारचा दीड वाजला होता. रचलेल्या भाकरीला घाम येतो, साहेब. वाफ कोंडते, मग खालच्या भाकरी दमट होतात आणि वरच्या वाऱ्यानं चामट होतात. आमच्या वाट्याला मधली आली, पोरानं खाल्ली. हमालांच्या वाट्याला कुठली आली ते त्यांच्या जबड्याकडे बघून कळत होतं. तरी त्यांनी तक्रार केली नाही. रुपयात कोण तक्रार करतं?

दोन-एक वर्षांनी परत त्याच स्टँडवर उतरले. टपरी तीच, खिडकी तीच, वरचा सरकारी फलकही तोच, फक्त उन्हानं उडालेला. खाली लाल अक्षरात नवीन पाटी: चायनीज. तव्याच्या जागी मोठी कढई आणि आत बाईऐवजी दोन पोरं. पुढे नगरपासून नाशिकपर्यंत जिथं जिथं गेले तिथं असंच काहीतरी पाहिलं. कुठं सँडविच, कुठं भजी-वडा, कुठं नुसती पान-बिडी. मग सरकार बदललं, योजना गुंडाळली गेली, जागांवरून कोर्टकज्जे झाले. झुणका-भाकर केंद्र हा शब्द चेष्टेचा होऊन बसला.

का बसली ही साखळी? विचाराल त्याचं उत्तर तयार असतं: कार्यकर्त्यांना टपऱ्या वाटल्या, खाल्लं त्यांनी. तसे आरोप तेव्हा भरपूर झाले आणि सगळे खोटे असतील असं मी म्हणणार नाही. पण माझं मत विचाराल तर या योजनेला निम्मं तव्यानं मारलं.

ज्वारीची भाकरी ही घाईची वस्तू नाही. पीठ ताजं लागतं. दळून आठवडा-पंधरवडा झाला की ते विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, मग थापताना कडा फाटतात. पाणी कडकडीत लागतं. मळायचं एका वेळी एका-दोन भाकरीपुरतंच, जास्त मळून ठेवलं की हातात येत नाही. थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग तवा उतरवून जाळावर फुगवायची. सराईत बाई, दोन तवे आणि मदतीला कुणीतरी असलं तरी तासाला पन्नास-साठच्या वर जात नाही, निदान माझ्याकडे कधी गेली नाही. माझ्या मेसमध्ये म्हणूनच भाकरी फक्त गुरुवारी असायची. रोज परवडत नसे. पैशानं परवडायची, हातानं परवडत नसे.

आणि दुपारी एक वाजता स्टँडवर तीन गाड्या एकदम लागल्या की शंभर माणसं खिडकीशी येतात. त्यांना पाच मिनिटांत सुटायचं असतं. तेव्हा एक तर भाकरी आधी करून रचून ठेवायची, म्हणजे तिला घाम येणार, नाहीतर गिऱ्हाईक सोडायचं. वड्याचं तसं नसतं. सारण सकाळी करून ठेवा, घाणा लागेल तसा तळा, पाव बेकरीतून येतो, बारा रुपयांची चटणी दिवसभर पुरते. मुंबई-पुण्याच्या खाजगी साखळ्यांनी भाकरी सोडून वडा उचलला तो काही मराठी बाणा कमी होता म्हणून नव्हे. वडा थांबतो, भाकरी थांबत नाही. टपरीवाल्यानं कढई चढवली तेव्हा त्याच्या मनात पाप असेल किंवा नसेल, त्याच्या हाताला मात्र शहाणपण सुचलं होतं.

दुसरं कारण जागेचं. स्टँडच्या तोंडावरची दहा बाय दहाची जागा ही धंद्यात सोन्याची लगड आहे. तिथं एक रुपयाची वस्तू विकायची अट घालून तुम्ही ती एका माणसाच्या हाती दिलीत. ज्या दिवशी त्याला कळलं की भाकरीपेक्षा जागा महाग आहे, त्या दिवशी भाकरी गेली. माझ्याच वाड्यातल्या खालच्या खोलीला झेरॉक्सवाला माझ्या मेसच्या महिन्याच्या नफ्याएवढं भाडं द्यायला तयार होता. मला मोह पडला, म्हणून सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मोह काय असतो ते मला माहीत आहे.

आता शिवभोजनाकडे येते. मधे २००९ च्या सुमारास मुंबईत शिव वडापावही निघाला होता, पण तो शिवसेना पक्षाचा, त्यात तुमच्या खात्याला ओढत नाही.

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. खरं सांगते, ती आखणाऱ्यानं जुन्या चुका वाचलेल्या होत्या. भाकरीऐवजी दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भाताची मूद, शंभर ग्रॅम वरण. हे जेवण थांबतं. वेळ दुपारी बारा ते दोन, म्हणजे चूल दिवसभर पेटती ठेवायला नको. चौकात टपऱ्या वाटण्याऐवजी चालू खानावळी, बचत गट, संस्था यांना काम दिलंत, बसायला किमान पंचवीस जणांची सोय मागितलीत. सरकारी कर्मचाऱ्यांनी इथं जेवायचं नाही हेही लिहून टाकलंत, ते वाचून मी मोठ्यानं हसले. कुणीतरी अनुभवी माणूस बसला होता मसुद्याला. गिऱ्हाईकाला थाळी दहा रुपयांत. चालकाला शहरात पन्नास पडणार, गावात पस्तीस, वरचे तुम्ही देणार.

पुढे टाळेबंदी आली आणि या थाळीनं जीव जगवले, हे विसरणारी मी नाही. दर पाच रुपयांवर आणलात, पार्सल द्यायला लागलात, एप्रिल २०२१ पासून काही महिने तर थाळी फुकट होती. आमच्या पेठेतली मुलं गावी पळाली होती, पण स्पर्धा परीक्षेची काही पोरं खोल्यांत अडकलेली. त्यांतली कितीतरी त्या डब्यावर होती. त्यांतल्याच एकानं मला फोन करून सांगितलं, ‘काकू, वरण तुमच्यासारखं नाही, पण आहे.’ यात सगळं आलं.

माझ्याकडे पंधरा वर्षं पोळ्या लाटायला असलेली बाई पुढे एका बचत गटात गेली, त्यांच्याकडे केंद्राचा स्वयंपाक होता. एकदा मी तिच्याकडे सकाळी जाऊन बसले. हात शिवशिवत होते म्हणून कणकेचा एक गोळा उचलून तागडीत टाकला: चौतीस ग्रॅम. लहान लिंबाएवढा. माझ्या मेसचा गोळा पंचेचाळीसचा असायचा. ती लाजली, म्हणाली, ‘काकू, भाजल्यावर तीसचाच भरतो, मापात आहे.’ मापातच होता. बाराला दार उघडलं. पहिले आले ते एक आजोबा, बांधकामावरचे असावेत, हातावर सिमेंट. एका पोरीनं मोबाइल धरला, ‘आजोबा, इकडं बघा, नाव सांगा.’ त्यांनी टोपी काढली. फोटो म्हटलं की टोपी काढायची असते असं त्यांना वाटलं असेल, किंवा देवासमोर काढतात तशी काढली असेल. ॲपवर फोटो चढेपर्यंत भाताची मूद गार झाली. बोगस थाळ्या रोखायला हे लागतं, मला कळतं. एकाच माणसाचे फोटो फिरवून आकडा फुगवल्याच्या बातम्या मीही वाचल्या आहेत. पुढे कॅमेरेही लावायला लावलेत. ठीक आहे. पण जेवणाऱ्यावर जितके डोळे लावले त्यातला एखादा बिल पास करणाऱ्या टेबलावर लावला असता, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

कारण गोम तिथं आहे. हिशेब करू. शहरातली थाळी पन्नासची. त्यातले दहा गल्ल्यात पडतात आणि चाळीस तुमच्याकडून यायचे असतात. म्हणजे पाच रुपयांतला एक रुपया डब्यात आणि चार मुंबईत. दीडशे थाळ्यांच्या केंद्रात दिवसाला दीड हजार रोख येतात, सहा हजार उधार राहतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी दीड लाख उधारी. सहा महिने थकलं तर नऊ लाख. बचत गटाच्या नऊ बायकांनी नऊ लाख आणायचे कुठून? किराणावाला एक महिना थांबतो, ओळखीचा असेल तर दोन. गॅसवाला एक दिवसही थांबत नाही. पोळीवाल्या बाईला शनिवारी हातात पैसे लागतात, तिला शासन निर्णय दाखवून चालत नाही.

तुम्हाला हिशेब येत नाही असं मला म्हणायचं नाही. सुरुवातीला तीन महिन्यांसाठी रोजच्या १८,००० थाळ्या ठरल्या आणि त्यासाठी ६ कोटी ४८ लाख रुपये. मी कागदावर मांडून पाहिलं: अठरा हजार गुणिले चाळीस गुणिले नव्वद दिवस. बरोब्बर ६ कोटी ४८ लाख. पैचा फरक नाही. इतका चोख हिशेब कागदावर होतो, तर पैसे येताना त्यांचे पाय कुठं अडकतात?

उधारीनं खानावळ कशी मरते हे मुंबईला सांगायची वेळ यावी, याचं तर मला फारच नवल वाटतं. गिरणगावात हजारो खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. कामगार पैसे देणार पगाराला, बाईला रोज वाण्याकडून आणायचं, वाणी उधारीवर व्याज लावणार. बाई दोन वेळच्या चुलीपाशी राबून शेवटी वाण्याचीच चाकरी करायची. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, आणि त्यांनी बायकांना पाककृती शिकवल्या नाहीत. स्वयंपाक त्यांना येतच होता. त्यांनी बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणजे वाण्याचं व्याज सुटलं. खानावळीचा सगळा जीव त्या खेळत्या पैशात असतो. गिरणी कामगार निदान महिन्याच्या महिन्याला द्यायचा. शासन हे त्याच्यापेक्षा गरीब गिऱ्हाईक आहे का?

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. कुणाचं नाव घेत नाही, कचेरी सरकारी होती की खाजगी तेही सांगत नाही. २००९ मध्ये एका ठिकाणी प्रशिक्षणाच्या चाळीस माणसांना तीन आठवडे जेवण पुरवायचं काम घेतलं. काम चोख केलं, शेवटच्या दिवशी श्रीखंडही दिलं. बिल दिलं ते परत आलं, कारण त्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावलेलं नव्हतं. तिकीट लावून नेलं, तर ‘जेवण’ लिहिलंय, ‘भोजन’ लिहून आणा. तेही लिहिलं. मग साहेब बदलले. पैसे मिळाले सातव्या महिन्यात. तोवर माझ्या दोन पाटल्या सराफाकडे जाऊन आल्या होत्या. त्या सात महिन्यांत मी मेसमध्ये काय केलं? तूर डाळीत थोडी मसूर मिसळली. भाजीत बटाटा वाढवला. पोरांना कळलं, बोलली नाहीत, पण पुढच्या महिन्यात सहा जण दुसऱ्या मेसला गेले. अशी खानावळ बसते. एका दिवसात कुलूप लागत नाही. आधी वरण पातळ होतं, मग भाजीत बटाटा वाढतो, मग माणसं कमी होतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, लोकांनाच आता हे जेवण नको आहे.

दराचंही तेच. पन्नास आणि पस्तीस हे भाव जानेवारी २०२० चे. तेव्हा मुंबईत एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर बाराशेच्या आसपास होता. मे २०२२ मध्ये तो तेविसशेवर गेला. तेलाचं तर त्या दोन वर्षांत काय झालं ते घराघरात माहीत आहे. थाळीचा भाव पन्नासच. वर चढलेला आकडा कुणीतरी खातंच, महोदय, आणि तो खाणारा शेवटी थाळीवर बसलेलाच असतो, त्याच्या वाटीतून तो वजा होतो.

आता कुणी म्हणेल, सरकारनं असल्या भानगडीत पडूच नये. मी असं म्हणत नाही. चेन्नईत फेब्रुवारी २०१३ ला अम्मा उणवगम, म्हणजे अम्मा कँटीन, सुरू झालं: एक रुपयाला इडली, तीन रुपयांना दहीभात, पाचला सांबारभात. तिथं टपऱ्या वाटल्या नाहीत. स्वयंपाकघर महापालिकेचं, काम करणाऱ्या बचत गटाच्या बाया रोजंदारीवर. म्हणजे उधारीचं ओझं बाईच्या डोक्यावर नाही, पालिकेच्या वहीत. तोटा होतो, तो पालिका सोसते. आणि २०२१ च्या मे महिन्यात सरकार बदललं, जिंकलेल्या पक्षाच्या माणसांनी एका अम्मा कँटीनचे फलक फोडले, तेव्हा त्या पक्षाचे प्रमुख स्टालिन यांनी आपल्याच माणसांना पक्षातून काढलं आणि फलक परत लावायला लावले. फलकावर चित्र होतं त्यांच्या प्रतिस्पर्धी जयललितांचं! हे आपल्याकडे झालेलं मला बघायचं आहे. आंध्रात तसं झालं नाही. अण्णा कँटीन २०१८ ला निघाली, २०१९ ला सत्ता बदलली तशी बंद पडली, २०२४ ला सत्ता फिरली तशी उघडली. मधली पाच वर्षं जेवणाऱ्यानं काय करायचं?

म्हणून नावाबद्दल एक शब्द. शिव म्हटलं की महाराज आठवतात, त्याला कोण नको म्हणेल? पण नाव ठेवणाऱ्याला आणि नाव वाचणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं की त्यात आणखी काय आहे. मग पुढच्याला ते पोसायचा उत्साह राहत नाही. माझ्या मेसला नावच नव्हतं. पोरं ‘काकूंकडे’ म्हणायची. सत्तावीस वर्षं चालली.

आणि चेन्नईपर्यंत तरी कशाला जायचं? माझ्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, पुण्यात, बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ती शहरात ठिकठिकाणी पसरली. हीसुद्धा साखळीच. भाव स्वस्त, नफा नको आणि तोटाही नको हा हिशेब. जी भाकरी तुमच्या टपरीत टिकली नाही ती तिथं पन्नास वर्षांच्या घरात टिकली. जादू नाही. एके ठिकाणी अनेक बाया मिळून थापतात, म्हणून ती ताजी असते. खाणारे हमाल तेच संघटनेचे मालक, म्हणून वरण पातळ झालं तर मंत्रालयात निवेदन द्यावं लागत नाही, तिथल्या तिथं आवाज चढवता येतो. आणि गिऱ्हाईक पूर्ण किंमत रोख देतं, म्हणून संध्याकाळी गल्ला मोजला की उद्याचं पीठ आणता येतं. तुमच्या कुणा अधिकाऱ्यानं त्यांची हिशेबाची वही कधी मागितली असेल का, याची मला शंका आहे.

माझं मागणं फार नाही. केंद्राला एका महिन्याच्या थाळ्यांची रक्कम आधी द्या, उचल म्हणून. आम्ही मेसवाल्या महिन्याच्या एक तारखेला पैसे आगाऊ घ्यायचो, सगळी पुण्यातली मेस त्यावरच चालते. पुढचे पैसे जिल्ह्यावरून आठवड्याला सुटू देत. ज्या ॲपवर आजोबांचा फोटो त्याच दिवशी चढतो, त्याच ॲपवरून आकडाही त्याच दिवशी कळतो, मग बिल फिरवायचं कशाला? भाव वर्षातून दोनदा गॅस, डाळ, तेल बघून ठरवा. तो वाढवायला नवा मंत्री, नवी घोषणा, नवं नाव लागू नये. आणि सोलापूरला चपातीऐवजी भाकरी, कोकणात भात जास्त, नागपूरकडे त्यांना काय आवडतं ते, एवढी मोकळीक चालकाला द्या. भाकरी द्यायची असेल तर बाया वाढवाव्या लागतील, ते आधीच सांगून ठेवते.

माझ्याकडे सत्तावीस वर्षांच्या वह्या आहेत. रोजची हजेरी, रोजचा किराणा, कणीक किती मळली आणि किती उरली. २००९ च्या वहीत पाटल्यांची पावती टाचलेली आहे. उंदरांनी दोन वह्या खाल्ल्या, बाकीच्या शाबूत आहेत. योजना बंद करायचा कागद तुमच्या टेबलावर असेल तर सही करण्याआधी कुणाला तरी पाठवा. झेरॉक्स खाली मिळतं, त्याच खोलीत. सासूबाई गेल्यावर मी ती भाड्यानं दिली.

येणाऱ्यानं बाराला येऊ नये, बाराला सगळीच केंद्रं चांगली दिसतात. सकाळी साडेनऊला यावं. तेव्हा डाळ निवडत असतात.

आपली विश्वासू,
एक मेसवाली काकू,
पुणे

ता. क.: १९९६ साली त्या स्टँडवर मिळालं ते पिठलं होतं, झुणका नव्हता. झुणका कोरडा असतो. कांदा तेलात परतून त्यावर बेसन पेरायचं आणि पाण्याचे हबके मारत झाकून शिजवायचं, त्याला तेलही जास्त लागतं आणि एका जागी उभं राहावं लागतं. योजनेचं नाव ठरवताना कुणीतरी एखाद्या बाईला विचारायला हवं होतं.